साध्या कपड्यातले पोलीस, ११२ चा कॉल आणि कलम १३२ चा खटला

२८ नोव्हेंबर २०२५ ला तालुक्याच्या कोर्टात माझ्या नवऱ्याची निर्दोष मुक्तता झाली. आरोप होता पोलिसाला काठीने मारल्याचा. काठी मारली हे आम्ही पहिल्या दिवसापासून नाकारलं नव्हतं. समोरचा माणूस पोलीस आहे हे त्या क्षणी माहीत नव्हतं, एवढंच आमचं म्हणणं होतं, आणि ते सिद्ध करायला सव्वा वर्ष गेलं.

सुरुवातीच्या दिवसांत मी रात्र-रात्र मोबाईलवर शोधत बसायचे. सापडायच्या त्या ‘पोलिसावर हल्ला, आरोपी जेरबंद’ अशा बातम्या, नाहीतर न कळणारी निकालपत्रं. आमच्यासारखं कुणी यातून गेलंय आणि त्यांनी पुढे काय केलं, हे कुठेच नव्हतं. म्हणून लिहिते आहे. मी अंगणवाडी सेविका आहे, वकील नाही. कायद्याचं जे लिहिलंय ते आमच्या वकील मॅडमनी समजावलेलं आणि नंतर मी स्वतः पुस्तकात बोट ठेवून वाचलेलं आहे. तुमच्या प्रकरणात तुमच्या वकिलांनाच विचारा.

आमची वस्ती भीमाकाठी, डांबरी रस्त्यापासून आत, उसात. २०२४ च्या जून-जुलैत आमच्या सगळ्या पट्ट्यात रात्री ड्रोन फिरतात अशी एकच बोलवा होती. ड्रोनने घरं हेरतात आणि मग चोर येतात, असं माणसं म्हणायची. गावोगाव गस्ती सुरू झाल्या होत्या. त्यात नदीवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जात होत्या, ती तर बोलवा नव्हती; आमचीच एक केबल जुलैत गेली आणि तिची तक्रार आम्ही दिलेली होती. ही तक्रार पुढे फार कामाला आली.

नागपंचमीच्या आदल्या रात्री, म्हणजे ८ ऑगस्ट उलटून ९ लागल्यावर, दीडच्या सुमाराला कुत्री भुंकायला लागली. पत्र्याचं फाटक कुणीतरी हलवत होतं. खिडकीतून पाहिलं तर चौघे जण, शर्ट-पँटवर, एकाच्या तोंडाला रुमाल, मागे खासगी गाडी, दिवे बंद. एक जण कुंपणाच्या भिंतीवरून आत उतरला आणि ओट्यावर येऊन दार वाजवायला लागला. ‘दार उघड’ एवढंच ऐकू येत होतं. सासूबाई आणि दोन्ही मुलांना मी आतल्या खोलीत घेतलं आणि ११२ लावला. हे मागच्या दाराने गोठ्यात गेले, तिथली काठी घेतली आणि ओट्यावरच्या माणसाच्या हातावर मारली. एकदाच. मग बाकीचे धावून आले, ह्यांना खाली पाडलं आणि तेव्हा पहिल्यांदा ‘पोलीस, पोलीस’ असं कानावर आलं. ह्यांनी काठी सोडली नाही, पण परत उगारलीही नाही. ‘ओळखपत्र दाखवा’ म्हणत राहिले. थोड्या वेळाने ११२ ची गाडी आली. गणवेशातले दोन पोलीस उतरताना दिसले आणि ह्यांनी काठी खाली टाकली.

आलेले चौघे गुन्हे शाखेचे होते. केबलचोरीतल्याच एका संशयिताला शोधत होते. त्याचं आणि ह्यांचं नाव एकच, वस्ती मात्र पलीकडची. म्हणजे ज्या चोराची आम्हाला धास्ती, त्याच्याच मागावर ते आले होते. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं आणि तेव्हा मी ओसरीवर बसून रडले. कुणावर रागावायचं हेच समजेना.

पहाटे ठाण्यात अटकेचे कागद झाले. इथे दोन गोष्टी सांगते. अटकेची कारणं लेखी मिळायला हवीत आणि अटक झाल्याचं नातेवाइकाला कळवायला हवं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही कलमं ४७ आणि ४८ आहेत. त्या कागदावर माझी सही घेतली. सही करताना मी शेजारी तारीख आणि घड्याळातली वेळ स्वतःच्या हाताने लिहिली. कुणी हरकत घेतली नाही. चोवीस तासांत न्यायाधीशांसमोर उभं करायचं असतं, त्याचं गणित या वेळेवर चालतं. दुसरी गोष्ट दवाखान्याची. अटकेनंतर ग्रामीण रुग्णालयात तपासणी होते. तिथे आरोपीच्या अंगावरचा मारही नोंदवून घ्यायचा. ह्यांचा ओठ फाटला होता, गुडघा सोलला होता. भिडेपोटी माणूस ‘काही नाही’ म्हणतो. मी दाराशी उभी राहून ‘डॉक्टरांना सगळं सांगा’ म्हणत होते, म्हणून ते कागदावर आलं.

गावात सकाळीच बातमी पसरली, ‘तीनशे त्रेपन्न लागलं’. लोक अजून जुनाच आकडा बोलतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे आमच्या एफआयआरमध्ये कलम १३२ आणि १२१(१) होतं. १३२ म्हणजे सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर, त्याला कमाल दोन वर्षं. १२१(१) म्हणजे त्याच कारणाने दुखापत करणं, त्याला कमाल पाच वर्षं. दोन्ही अजामीनपात्र. जुन्या कायद्यात महाराष्ट्राने २०१८ मध्ये दुरुस्ती करून ३५३ ची शिक्षा दोनाची पाच वर्षं केली होती आणि हे खटले सत्र न्यायालयाकडे दिले होते. त्यामुळे पहिल्या दिवशी जो भेटेल तो ‘सेशनला जाणार, पाच वर्षं’ असंच सांगत होता. प्रत्यक्षात आमचा खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरच चालला. ऐकीव माहितीवर घाबरून जाऊ नका. एफआयआरची प्रत महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर बहुतेक गुन्ह्यांत मिळते. ती उतरवून घ्या आणि कलमं स्वतः पाहा.

एक धाकधूक मात्र खरी होती. त्या हवालदाराचं मनगट सुजलं होतं आणि पहिल्या कागदावर ‘फ्रॅक्चरची शक्यता’ असं होतं. हाड मोडलं तर ती कायद्याने गंभीर दुखापत होते, कलम १२१(२) लागतं, किमान एक आणि कमाल दहा वर्षं, आणि खटला सत्र न्यायालयात जातो. एक्स-रे स्वच्छ आल्याचं संध्याकाळी कळलं. त्या हवालदाराच्या हातासाठी आणि आमच्यासाठी, दोन्हीसाठी मी देवापुढे साखर ठेवली.

शुक्रवारी दुपारी कोर्टात नेलं. पोलिसांनी कोठडी मागितली आणि सोमवारपर्यंत मिळाली. दुसरा शनिवार आणि रविवार त्यातच गेले. सोमवारी, १२ ऑगस्टला, न्यायालयीन कोठडी झाली. त्यांच्या बोलण्यात पहिलीला पीसीआर आणि दुसरीला एमसीआर म्हणतात. एमसीआर झाल्याशिवाय बहुधा जामिनाचा अर्ज पुढे सरकत नाही. आम्ही त्याच दिवशी अर्ज दिला, १४ ला तो फेटाळला. सरकारी नोकरावर हल्ला, तपास बाकी, अशी कारणं होती. मी कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून राहिले. वकील मॅडम म्हणाल्या, ‘ताई, अशा गुन्ह्यात खालच्या कोर्टात नाही मिळत पुष्कळदा. पंधरा ऑगस्टची सुट्टी जाऊ द्या, सोळाला सेशनला टाकू.’

या मॅडम आम्हाला कशा मिळाल्या तेही सांगते. पहिल्या एका वकिलांनी जामिनाचेच साठ हजार सांगितले होते. मग अंगणवाडीच्या बैठकीत कधीतरी ऐकलेलं आठवलं, की तालुका विधी सेवा समिती मोफत वकील देते. कोठडीत असलेल्या माणसाला त्याचं उत्पन्न कितीही असलं तरी हा हक्क आहे, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानेच तो दिलाय. स्त्रियांनाही आहे. १५१०० हा त्यांचा फोन. समितीच्या कार्यालयात मी चौकशीला गेले आणि त्यांनी मॅडमचं नाव दिलं. जामिनापर्यंतचं काम समितीमार्फत झालं. पुढे खटला आम्ही त्यांनाच फी देऊन चालवला, ती सगळी मिळून पंचेचाळीस हजार झाली, हप्त्याने.

सत्र न्यायालयात सरकारी वकिलांचं म्हणणं मागवतात, त्याला तिथे ‘से’ म्हणतात. त्यात आठवडा गेला. २३ ऑगस्टला जामीन मंजूर झाला. पंचवीस हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा ऐपतदार जामीनदार. चुलत सासऱ्यांनी तयारी दाखवली, पण सातबारा, आठ-अ, आधार, फोटो आणि ऐपतीचा दाखला हे सगळं एका दुपारी जमणं अवघड. मॅडमनी तात्पुरत्या रोख जामिनाची विनंती अर्जातच घालून ठेवली होती. कोर्टाने चार आठवड्यांची मुदत दिली, आम्ही पतसंस्थेतून काढलेले पंचवीस हजार भरले आणि कागद नंतर सावकाश केले. अर्जात ही एक ओळ असली तर माणसाच्या आणखी काही रात्री आत जात नाहीत. सुटकेचा आदेश कारागृहाच्या पेटीत संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेआधी पडावा लागतो. आमचा थोडक्यात चुकला, म्हणून सुटका शनिवारी सकाळी झाली.

जामिनाच्या अटी होत्या: दोषारोपपत्र येईपर्यंत दर सोमवारी ठाण्यात हजेरी आणि साक्षीदारांशी कसलाही संपर्क नाही. दुसऱ्या अटीमुळे आम्ही त्या हवालदाराची विचारपूसही करू शकलो नाही. ह्यांच्या मनाला ते लागून राहिलं.

यानंतरच्या दिवसांत जे केलं, त्यावरच पुढे सगळा खटला उभा राहिला.

मॅडमनी मला न्याय संहितेचं कलम ३७ वाचायला दिलं. खासगी बचावाचा हक्क सरकारी नोकराविरुद्ध कधी नसतो, ते त्यात सांगितलंय. पोलीस सद्भावनेने काम करतोय आणि त्याच्या कृतीने जिवाची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती नाही, तर त्याच्यावर हात उगारता येत नाही, त्याचं काम कायद्याच्या काटेकोर चौकटीत नसलं तरीही. पण खाली एक स्पष्टीकरण आहे: समोरचा सरकारी नोकर आहे हे त्या माणसाला माहीत नसेल आणि तसं मानायला कारणही नसेल, तर त्याचा बचावाचा हक्क जात नाही. जुन्या कायद्यात कलम ९९ मध्ये हेच होतं. मी ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालं.

‘पण ताई, नुसतं माहीत नव्हतं म्हणून चालत नाही,’ मॅडम म्हणाल्या. कोर्ट दोन पायऱ्यांनी विचार करतं. एक, पोलीस असल्याचं मानायला खरंच कारण नव्हतं का? गणवेश, गाडी, आवाज, ओळखपत्र, सगळं पाहिलं जातं. दुसरी पायरी लोक विसरतात. तो पोलीस नसता, परका माणूस असता, तरी मारणं कायद्यात बसलं असतं का? रात्री घरात घुसणाऱ्याला अडवता येतं, पण गरजेपुरतंच. एक काठी हातावर आणि चार काठ्या डोक्यावर, यांत निर्दोष आणि दोषी एवढं अंतर पडू शकतं. शिवाय हा बचाव आरोपीनेच दाखवायचा असतो. सरकार पक्षासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, आपलं म्हणणं अधिक संभवनीय आहे एवढं दिसलं तरी पुरतं. पण कागद हवेत.

आमच्याकडचा सगळ्यात मोठा कागद होता ११२ चा कॉल. दारात पोलीस आहेत हे ज्याला माहीत आहे, तो पोलिसांना बोलवायला फोन कशाला करेल? माझ्या मोबाईलमध्ये वेळ होती, १ वाजून ३८ मिनिटं. तो फोन मी कुणाला हाताळू दिला नाही, काही पुसलं नाही. २७ ऑगस्टला पोलीस अधीक्षक कार्यालयाला पोचपावतीच्या रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं, की या वेळेच्या कॉलचं रेकॉर्डिंग जपून ठेवावं. सप्टेंबरमध्ये कोर्टात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली अर्ज दिला आणि कोर्टाने रेकॉर्डिंग हजर करण्याचा आदेश दिला. दूध संकलन केंद्राच्या कॅमेऱ्यात ती गाडी दिवे बंद करून वळताना आली होती. ते चित्रण पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं जातं. ह्यांची कोठडी चालू असतानाच भावजींनी धावपळ करून ते पेनड्राइव्हवर घेतलं. सोबत नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, नाहीतर चित्रण असून नसल्यासारखं. ते केंद्रचालकाकडून आणि एका जाणकार संगणकवाल्याकडून भरून घेतलं. जुलैच्या केबलचोरीच्या तक्रारीची प्रत, ग्रामपंचायतीचा गस्तीचा ठराव, हेही लावलं. अशा प्रसंगात सापडलात तर वकील मिळायच्या आधी कॅमेऱ्यांच्या मागे लागा, एवढं मी अगदी कळकळीने सांगते.

दोषारोपपत्र ७ ऑक्टोबरला दाखल झालं, साठ दिवसांच्या आत. नक्कल फुकट मिळते, तिचा हक्क आहे. त्यात ‘पथकाने आपली ओळख सांगूनही आरोपीने हल्ला केला’ असं होतं आणि ११२ च्या कॉलचा उल्लेखच नव्हता. नकला मिळाल्यापासून साठ दिवसांत दोषमुक्तीचा, म्हणजे खटला न चालवताच सोडावं असा, अर्ज करता येतो. भावजींचा आग्रह होता की करावा, उच्च न्यायालयातही जावं. मॅडमनी नको म्हटलं. त्या टप्प्यावर कोर्ट बचावाचा पुरावा तोलत नाही. मग वेळ आणि पैसा घालवून आपले पत्ते कशाला उघडायचे? मला ते पटलं.

नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आली आणि पोलीस बंदोबस्तात, त्यामुळे तारखा पुढे गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये आरोप निश्चित झाले. ‘गुन्हा कबूल आहे का?’ ‘नाही.’ मग नुसत्या तारखा. प्रत्येक तारखेला ह्यांचं रोजाचं काम बुडायचं, गाडीभाडं, चहापाणी धरून तीनशे-चारशे जायचे. ई-कोर्ट्स ॲपमध्ये खटल्याचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते, तेवढा हेलपाटा वाचतो. पण तारखेला हजर राहायचंच. गैरहजेरीत वॉरंट निघतं.

साक्षी उन्हाळ्यात सुरू झाल्या. हवालदाराची साक्ष मी विसरणार नाही. पंचविशीतला मुलगा. मॅडमनी शांतपणे विचारलं, गणवेशात होता का? नाही. ओळखपत्र गळ्यात होतं का? नाही, पाकिटात होतं. काठी लागायच्या आधी दाखवलं? क्षणभर थांबून तो म्हणाला, ‘नाही, तेवढा वेळ मिळाला नाही.’ ओळख सांगितली होती का, यावर तो म्हणाला की साहेबांनी फाटकातून सांगितली, ओट्यापर्यंत ऐकू गेली असेल की नाही ते सांगता येणार नाही. तो खोटं बोलला नाही. सगळं बाजूला ठेवून मी म्हणेन की त्या मुलाच्या प्रामाणिकपणाचे आमच्यावर उपकार आहेत. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नावाची स्पष्ट दिसणारी पट्टी हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात १९९६ मध्येच सांगितलंय आणि आता ते कायद्यातही आहे. ती पट्टी आम्हाला वाचवते तशी त्या मुलाच्या मनगटालाही वाचवते. तोतया पोलिसांच्या बातम्या रोज असताना रात्री दीड वाजता कुणाच्याही नुसत्या शब्दावर विश्वास ठेवायचा कसा?

११२ च्या गाडीवरच्या पोलिसानेही साक्ष दिली. गणवेश पाहताच आरोपीने काठी टाकली, असं त्याने सांगितलं आणि त्याच्या नोंदीतही ते होतं.

मग रेकॉर्डिंग वाजवलं. कोर्टात पंखे फिरत होते आणि माझाच आवाज, मला न ओळखू येणारा: ‘चोर आलेत, वस्तीवर चोर आलेत, लवकर या, लेकरं आहेत.’ मागे पत्रा वाजतोय, कुत्री भुंकतायत, ‘दार उघड’ दोनदा ऐकू येतं. मग फट्‌ असा आवाज. त्याआधी ‘पोलीस’ हा शब्द कुठेच नाही. न्यायाधीशांनी तो भाग परत लावायला सांगितला. मला श्वास घेता येईना, बाहेर जाऊन पाणी प्यायले.

डॉक्टरांची बदली झाली होती, त्यांची साक्ष व्हिडिओवर झाली: साधी दुखापत, एकच वण. ऑक्टोबरात ह्यांचा जबाब झाला आणि बचावाची साक्षीदार म्हणून माझा. उलटतपासाला घाबरू नका. ठाऊक आहे तेवढं सांगा, अंदाज सांगू नका. ‘ते पोलीस असतील असं मनात आलं नाही का?’ असं सरकारी वकिलांनी विचारलं. मी म्हणाले, ‘साहेब, पोलीस यावेत म्हणून तर मी फोन केला होता.’

निकाल मराठीत होता. त्या परिस्थितीत समोरचे पोलीस आहेत असं मानायला आरोपीला कारण नव्हतं, आणि वापरलेलं बळ गरजेपुरतं होतं, असं त्यात म्हटलंय. पोलिसांच्या हेतूबद्दल वाईट काही म्हटलेलं नाही, आणि ते योग्यच आहे. बाहेर व्हरांड्यात तो हवालदार दिसला. आता अट उरली नव्हती. हे जवळ गेले आणि विचारलं, ‘हात बरा आहे ना?’ त्याने मनगट फिरवून दाखवलं.

सुटका झाली म्हणून कागद संपत नाहीत. वरच्या कोर्टात अपील झालं तर हजर राहीन, असा सहा महिन्यांचा बंधपत्राचा जामीन लिहून द्यावा लागतो, त्याला पुन्हा जामीनदार लागतो. जप्त झालेला ह्यांचा मोबाईल अपिलाची मुदत संपल्यावर मिळेल. निकालाची प्रमाणित नक्कल मी नक्कल विभागातून तीन प्रतींत काढली. एक प्रत अर्जासोबत पोलीस ठाण्यात दिली आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतली, कारण चारित्र्य पडताळणीच्या वेळी जुना गुन्हा दिसतो आणि निकालाची नोंद झालेली नसते. ह्यांना साखर कारखान्यात हंगामी कामासाठी तो दाखला लागणार आहे. अर्ज केलाय, पडताळणी पुढच्या आठवड्यात आहे.